आईचा पासवर्ड

हसणार नसाल तर सांगते. आई कोथरूडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शाळा सुटली की मी तिच्याकडे जाऊन बसते. तिथलं वायफाय ज्याच्या त्याच्या पासवर्डनेच मिळतं. आईचा मला माहीत होता, कारण तिचा फोन मीच जोडून द्यायचे.

एकदा कॉलेजातली एक ताई रडवेली होऊन माझ्याकडे आली. "माझं लॉगिन बंद पडलंय गं, आणि दहा मिनिटांत प्रोजेक्ट पाठवायचाय." मला नाही म्हणता येईना. मी आईचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी नेटवर्क बघणारे सर आले. "मॅडम, आपल्या नावावर बेचाळीस मोबाईल चालू आहेत. घरी लग्नकार्य आहे का?"

आईचा चेहरा पडला. "अहो, मी कोणालाही सांगितलेला नाही."

"मग आणखी कोणाला माहीत आहे?"

"फक्त हिला. आणि ही कुणाला सांगणार? पाहुण्यांना पाणी द्यायलासुद्धा हिला ढकलावं लागतं."

सर हसले. मी पुस्तकात डोकं घातलं.

सरांनी पासवर्ड बदलून दिला. त्यांची पाठ वळताच आई म्हणाली, "हा नवा लिहून घे बाई. तुझ्याकडेच राहू दे."