पेनड्राइव्ह पुढं

तासगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात राहीबाईंचा नंबर तिसरा होता, पण कान पहिल्या नंबरावर होते. तिथं फौजेतून निवृत्त झालेले नाथाजी बायकोसोबत जुना लॅपटॉप घेऊन बसले होते.

"आजोबा, पेनड्राइव्हवरनं लिनक्स सिस्टीम नव्यानं टाकायच्या आधी आतल्या सेटिंगमधी हार्डडिस्कऐवजी त्येला पहिला नंबर द्यायला लागतोय," दुकानवाली शिवांजली म्हणाली. "पर तिथं तुमी पासवर्ड लावलाय. सांगा."

"इसरलो."

"आवं, सांजच्या सहाला रविराज लेहवरनं व्हिडिओवर दिसायचाय!" बायको म्हणाली. " चार म्हैनं झालं पोराला बघून. आठवा की!"

"आठवतंय गं. पर हितं चारचौघांत..."

"मग तुमीच टाइप करा, आजोबा."

"चष्मा घरी ऱ्हायलाय."

"लाजायला काय झालं? म्हशीचं नाव हाय व्हय?" बायकोनं विचारलं.

"तुझं हाय."

बायकोनं पदर तोंडावर ओढला. राहीबाईंना मात्र राहवेना.

"मग उखाण्यात घ्या की!"

नाथाजींनी घसा खाकरला.

"पेनड्राइव्ह पुढं, हार्डडिस्क मागं, धोंडुबाईमुळं माझं नशीब जागं!"

"उघडलं, आजोबा!" नाव टाइप करून शिवांजली म्हणाली. "आता पासवर्ड काढूनच टाकू?"

"नगं पोरी," धोंडुबाई पदराआडून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. परत इसरलं, की हितंच घिऊन येते."