बिनशिक्क्याचा कॉम्प्युटर

दुरुस्तीवाली: तीन वर्षांत एकदाही चालू केला नाहीत? काका, आतली धूळ बघा. माझा ब्रश काळा झाला.

निरीक्षक: चालू करायचा प्रश्नच नव्हता. बिनशिक्क्याचा माल आहे तो.

दुरुस्तीवाली: शिक्का?

बायको: अगं, हे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं. कुठल्याही दुकानात गेले की आधी तराजू उलटा करून शिक्का बघायचे. मी माहेरून आणलेलं दुधाचं मापसुद्धा सोडलं नाही.

निरीक्षक: त्यावर शिक्का नव्हताच.

दुरुस्तीवाली: हां, झाला चालू. आणि हे कोपऱ्यातलं वाक्य, ‘ही प्रत अस्सल नाही’. त्याचाच राग ना तुम्हाला? जुने कॉम्प्युटर विकणारे निम्मे लोक असंच नकली सॉफ्टवेअर घालून देतात, काका.

निरीक्षक: निम्मे दुकानदार वजनात मारायचे. म्हणून काही मी त्यांना शिक्के मारून दिले नाहीत.

बायको: विकणाऱ्याने नाही घातलं. आमच्या मुलाने घातलं. हे रिटायर झाले तेव्हा त्याने हा आणला, एका बंद पडलेल्या ऑफिसातून. नवा घ्यायची ऐपत नव्हती त्याची, पण हौस दांडगी. खांद्यावर घेऊन दोन जिने चढला.

निरीक्षक: ते तिला कशाला?

बायको: कळू दे की. घरी चार लोक बोलावले होते. यांना ते वाक्य दिसलं, आणि सगळ्यांदेखत मुलाला म्हणाले, चोरीचा माल बापाला भेट देतोस?

निरीक्षक: शब्द जरा जड झाला. मान्य आहे.

बायको: जरा!

दुरुस्तीवाली: मी नवी सिस्टिम टाकते. कायदेशीर, आणि फुकट.

निरीक्षक: फुकट म्हणजे तीही चोरीचीच.

दुरुस्तीवाली: नाही हो. जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि आपणहून देऊन टाकतात. वापरा, दुसऱ्याला द्या. तसा लेखी परवाना असतो.

निरीक्षक: लेखी? दाखव.

दुरुस्तीवाली: मोठा आहे, आणि इंग्रजीत.

निरीक्षक: मी वेळ काढून वाचीन.

बायको: आधी तिला काम करू द्या. मुली, मला एवढंच हवंय की नातीचं तोंड मोठं दिसावं. पाच महिन्यांची झाली. मोबाईलवर ती नखाएवढी दिसते, तीही हलत असते.

दुरुस्तीवाली: दिसेल, काकू. आधी आतलं सगळं काढून ठेवते, कारण मग डिस्क पुसली जाणार. काय काय आहे यात?

निरीक्षक: माझी ऑफिसातली पाच-सहा पत्रं, त्यानेच आणून यात घातलेली. बाकी काही नाही.

दुरुस्तीवाली: एक फोल्डर आहे. ‘आबांसाठी’. आबा कोण?

बायको: हेच. अगं, तो यांना आबा म्हणतो.

दुरुस्तीवाली: काका, गंमत बघा. मी जी टाकणार होते तीच सिस्टिम आहे यात. उतरवून ठेवलेली. कायदेशीर. शेजारी एक चिठ्ठी पण आहे, टाकायची कशी त्याची. तारीख तीन वर्षांपूर्वीची, बारा जून.

बायको: अकराला ते चार लोक आले होते.

दुरुस्तीवाली: चिठ्ठी त्याने सेव्ह करून ठेवलेली नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर कॉम्प्युटर आपला आपण एक प्रत ठेवतो, तशी आहे. वीज गेली होती का?

बायको: आठवत नाही ग. अहो? काय झालं?

निरीक्षक: वीज नव्हती गेली.

बायको: मग?

निरीक्षक: मी प्लग काढला. सकाळी उठलो तर तो इथे बसून काहीतरी टाइप करत होता. मला वाटलं, रात्री एवढं बोलणं झालं तरी पुन्हा तेच चालू आहे. तो म्हणाला, आबा, दोन मिनिटं थांबा. मी थांबलो नाही.

बायको: हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

निरीक्षक: संध्याकाळच्या गाडीने तो गेला. काय सांगायचं?

दुरुस्तीवाली: मी... माझ्याकडे नवी आवृत्ती आहे. ती टाकू का?

निरीक्षक: ही टाकता येणार नाही?

दुरुस्तीवाली: येईल, पण तीन वर्षं जुनी आहे. वरून अपडेट करत बसावं लागेल. वेळ जाईल.

निरीक्षक: जाऊ दे. ही टाकायची. आणि मी टाकतो, तू फक्त चिठ्ठी वाच.

(दुरुस्तीवाली पत्रं आणि चिठ्ठी आपल्या मोबाईलवर घेते, सिस्टिमची फाईल पेनड्राइव्हवर उतरवते आणि खुर्ची सोडते. निरीक्षक चष्मा पुसून बसतात.)

दुरुस्तीवाली: पायरी पहिली. ‘पेनड्राइव्ह पुढच्या बाजूला लावा. मागे वाकू नका, कंबर धरेल.’

बायको: तेव्हाही धरायचीच.

निरीक्षक: लावला.

दुरुस्तीवाली: दुसरी. ‘कॉम्प्युटर सुरू होताना वरच्या ओळीतलं शेवटचं बटण दाबत राहा. एकदाच दाबून वाट बघू नका. आबा, सरकारी खातं नाहीये हे.’

निरीक्षक: वात्रट आहे. होतं का हे दाबून? हां, आलं काहीतरी.

दुरुस्तीवाली: तिसरी आणि चौथी म्हणजे भाषा आणि घड्याळ. बरोबर, तेच निवडा. पाचवी. ‘आता ते विचारेल, सगळं पुसू का? घाबरू नका, हो म्हणा. तुमची पत्रं मी बाजूला काढून ठेवली आहेत. वाचली नाहीत.’

बायको: दाबा की. काय झालं?

निरीक्षक: दाबतो. थांब जरा.

दुरुस्तीवाली: सावकाश, काका.

निरीक्षक: दाबलं.

दुरुस्तीवाली: सहावी. ‘तुमचं नाव विचारेल. पूर्ण लिहा, हुद्द्यासकट लिहिलंत तरी चालेल.’ सातवी. ‘पासवर्ड तुमचा तुम्ही ठेवा. मलासुद्धा सांगू नका.’

निरीक्षक: झालं. आठवी?

दुरुस्तीवाली: आठवीत एकच शब्द आहे. ‘आबा’. पुढे स्वल्पविराम.

निरीक्षक: आणि?

दुरुस्तीवाली: आणि काही नाही, काका. तिथेच संपतं.

बायको: पाणी आणू का तुम्हाला?

निरीक्षक: नको. पोरी, सात पायऱ्यांनंतर करायला काय उरतं?

दुरुस्तीवाली: खरं तर काहीच नाही. फक्त पुन्हा चालू करायचा. ही पट्टी पूर्ण भरली की झालं.

बायको: म्हणजे त्याला वेगळंच काही लिहायचं होतं.

निरीक्षक: असेल.

बायको: बघा, आला. कोपऱ्यात काही नाही. कोरा करकरीत. मुली, यावर ते चेहरा दिसायचं कसं करायचं, मला दोनदा दाखव. एकदा दाखवलंस तर रविवारपर्यंत विसरेन.

दुरुस्तीवाली: रविवारी बोलता का?

बायको: दर रविवारी, सकाळी नऊला मुलाचा फोन येतो. त्या वेळी हे फिरायला जातात. पाऊस असला तरी छत्री घेऊन जातात.

निरीक्षक: या रविवारी नाही जमणार. पाय दुखतायत.

बायको: अहो, आज गुरुवार आहे.

निरीक्षक: रविवारपर्यंत दुखतील.