रिकाम्या पोटी चार गोळ्या

(व्हिक्टोरिया सरोवरातलं उकेरेवे बेट. न्यांगेटा काठावर डागा मासळी वाळत घालते आहे. तिच्या पोराच्या, कसालाच्या, शाळेतले मागेसा मास्तर येऊन उभे आहेत.)

न्यांगेटा : सरका मास्तर, ऊन अडवू नका. आणि पुन्हा गोळ्यांचं नाव काढलंत, तर ही टोपली डोक्यात घालीन.

मागेसा : घाला. पण कसालाला आज औषध घेऊ द्या. उरलेला डबा संध्याकाळच्या होडीनं परत जातोय. मग वर्षभर काही मिळायचं नाही.

न्यांगेटा : परवा घेतल्या की चार! भडाभडा ओकला, डोळे पांढरे केले. गेलं पोर, असं वाटलं मला.

मागेसा : ओकला म्हणजे औषध बाहेर पडलं. जंत आत तसेच आहेत.

न्यांगेटा : का ओकला, ते बोला ना!

मागेसा : पोट रिकामं होतं. पेज सकाळीच दिलेली. पण पहिली गोळी जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांच्या हातून द्यायची, असं हेडमास्तरांनी ठरवलं. आणि साहेब आले दुपारी.

न्यांगेटा : तोवर पोरं उन्हात स्वागताची गाणी घोकत उभी! काठी लावून उंची मोजलीत, उंची बघून गोळ्या ठरवल्यात. पोटात अन्न आहे का, ते कुणाच्या बापानं बघितलं?

मागेसा : मी म्हणालो होतो हेडमास्तरांना.

न्यांगेटा : कुजबुजला असाल.

मागेसा : हो, कुजबुजलो! नोकरी आहे माझी. पण त्याचा राग पोरावर का काढता? हातपाय काड्या आणि पोट केवढं झालंय बघा. शौचाला रक्त पडतं, हे तुम्हीच सांगितलंत. माझा थोरला भाऊ असाच रक्त ओकून गेला. आम्ही मूर्ख, करणी म्हणून बोकड कापत बसलो!

न्यांगेटा : हे नव्हतं मला माहीत.

मागेसा : आता झालं ना? मग त्याला पाण्यात उतरू देऊ नका. तिथूनच शिरतात जंत, कातडीतून. किती वेळा सांगायचं? पण तुम्ही आया ऐकाल तर शपथ!

न्यांगेटा : आम्ही आया? होडीतली मासळी मी एकटी उतरवते, त्याला घरी ठेवते. माझं पोर पाण्यात कोण धाडतं, सांगू? तुमची शाळा! रोज सकाळी चौथीची पोरं गुडघाभर पाण्यात, मास्तरांच्या घरची पिंपं भरायला. तुमचंसुद्धा. आणि नव्या संडासाला कुलूप, का तर पाहुण्यांसाठी! पोरं काठावर बसतात आणि त्याच पाण्यात उतरतात.

मागेसा : अहो, रीतच आहे ती. आम्हीही आमच्या मास्तरांचं पाणी भरलं.

न्यांगेटा : आणि तुमच्या भावानं?

मागेसा : …त्यानंही.

न्यांगेटा : हं. कसाला घरात निजलाय. पोटभर पेज खाईल, मग माझ्यासमोर द्या गोळ्या. पीठ आहे, पाणी संपलंय. ही बादली घ्या.

मागेसा : आणतो. इथूनच भरतो, काठावरून.

न्यांगेटा : काठाला नुसता गाळ. जरा आत जावं लागतं.

मागेसा : म्हणजे… पाण्यात उतरून?

न्यांगेटा : पोरांनी कधी विचारलं नाही तुम्हाला.