हौसरावांची दारू

(शिरूर. प्रार्थनाघराच्या मागची पास्टरची खोली. शनिवारची दुपार.)

हौसराव : च्या ऱ्हाऊ दे, सुरेखा. आधी तुझ्या नवऱ्याला एक इचारू दे मला. शांतवन, मी दारू कवा पीत हुतो रं?

शांतवन : आबा, आधी बसा तरी. वरवंडहून निघालात, चौफुल्याला गाडी बदलली, एवढ्या उन्हाचं...

हौसराव : न्हावऱ्यापतुर उभाच आलो. अजून जरा उभा ऱ्हातो. कवा पीत हुतो, ते सांग.

सुरेखा : मामा, झालं काय? घरी समदी बरी हायेत नव्हं? तेजश्री, पोरं?

हौसराव : बरी हायेत. परवा दारात एक टेम्पो आला. त्यातनं एक माणूस उतरला, खंडू म्हणून. तुमच्याच चर्चच्या मंडळीतला. आला तो सरळ माझ्या पायांवर पडला आन् ढसाढसा रडाय लागला. म्हणतो, आबा, तुमची सुटली तर माझी बी सुटंल. मी म्हणलं, काय सुटली बाबा? तर म्हणं, दारू! धाकटी सून तेजश्री दारात उभी, शेजारची चार माणसं गोळा झाल्याली. चाळीस वर्षं त्या गल्लीत ऱ्हातोय मी.

शांतवन : खंडूला मी पत्ता दिला नव्हता.

हौसराव : पत्ता तेवढा दिला न्हाईस. बाकी समदं दिलंस.

शांतवन : आबा...

हौसराव : त्या बिचाऱ्यानं मला माझीच हकिगत सांगितली. पगाराच्या दिवशी म्हणं मी पोराला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचो आन् गुत्त्याबाहेर पावसात सोडायचो. घरी आलो की पट्ट्यानं मारायचो. मग आजारी पडलो, दवाखान्यात तुझा हात धरून माफी मागितली, तवापासनं थेंबाला शिवलो न्हाई. एवढं समदं माझ्याच घरात झालं, आन् मलाच ठावं न्हाई!

सुरेखा : म्हंजी... ते खोटं हाय?

हौसराव : तुला काय वाटलं हुतं?

सुरेखा : मला खरंच वाटलं, मामा. भर मंडळीत उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून सांगत होते. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला कधी बोलले नव्हते. म्हटलं, मनाला लागलं असंल म्हणून बोलले नसतील. घरी आल्यावर इचारलं, तर म्हणाले, तो विषय नको.

शांतवन : सुरेखा, मी सांगणारच होतो...

सुरेखा : गप बसा तुम्ही. मामा, मागच्या पंधरवड्यात तुम्ही आलता, तवा पोरीला बाजारात नेतो म्हणालात. तिला ताप हाय म्हणून मी धाडलं न्हाई. तिला ताप नव्हता.

हौसराव : ...मला कळलं न्हाई बघ. मी आपला दुसऱ्या दिवशी फोन करून ताप उतरला का इचारलं.

सुरेखा : व्हय. इचारलंत.

शांतवन : आबा, ती गोष्ट माझी नाही. अमेरिकेतल्या एका पास्टरची आहे.

हौसराव : मग त्याच्या बापाची दारू माझ्या तोंडाला कशी लागली?

शांतवन : स्टँडच्या मागं विक्रमचा कॅफे आहे. तिथं इंटरनेटवर रविवारच्या प्रवचनाचे संदेश मिळतात, लिहिलेले, तयार. दर शनिवारी एक प्रिंट काढून आणतो आणि डिक्शनरी घेऊन मराठी करतो. दोन वर्षं झाली. कुणाला कळलं नाही. बर्फ असला की पाऊस करायचा. मोटार असली की सायकल करायची.

हौसराव : आन् बाप असला की मी.

शांतवन : तसं ठरवलं नव्हतं. मराठी करताना मी कागदावर 'एक मनुष्य होता' असंच लिहिलं होतं. मग समोर बघितलं. सोळा माणसं, त्यातली पाच पेंगत होती. जुनी कुटुंबं पुण्याच्या मोठ्या सभांना जायला लागलीत, आबा. तिथं जो तो साक्ष देतो. कुणी म्हणतो मी गुंड होतो, कुणी म्हणतो मी गर्दुल्ला होतो, प्रभूनं उचललं. इथं येऊन मला म्हणतात, पास्टर, तुमची साक्ष सांगा की. माझी कसली साक्ष? तुम्ही दर रविवारी उपासनेला नेलं. आईनं रोज बायबल वाचून दाखवलं. मी शिकलो, पास्टर झालो. संपली साक्ष! बोलता बोलता तोंडातनं 'माझे वडील' निघून गेलं आणि पेंगणारे जागे झाले. मग थांबवेना.

हौसराव : म्हंजी मी प्यायलो असतो तर तुझं बरं झालं असतं.

शांतवन : असं बोलू नका. मला लाज वाटते.

हौसराव : वाटू दे. कारखान्यात माझ्या पाळीतली निम्मी माणसं पगाराच्या दिवशी सरळ घरी जायची न्हाईत. मी सरळ यायचो. मला 'पाद्रीबाबा' म्हणून चिडवायची. चिडवा म्हणलं. शेत न्हाई, बंगला न्हाई, एक नाव तेवढं हाय माझ्याजवळ. परवापासनं गल्लीत कुणी बोलायचं थांबलं की मला वाटतं, माझंच चाललं हुतं. आन् अजून एक इचारायचंय. खंडू म्हणला, आईसाहेबांनी बी लई सोसलं. तुझ्या आईवर, विठाबाईवर मी हात उगारला, असं सांगितलंस?

शांतवन : त्या संदेशात तसं होतं.

हौसराव : तू सांगितलंस का?

शांतवन : सांगितलं.

हौसराव : तिचं थडगं दौंडला हाय. तिथं उभा राहून सांगशील तिला?

शांतवन : नाही, आबा. तिथं आता मला उभंसुद्धा राहता येणार नाही.

सुरेखा : मामा, पाणी तरी घ्या.

हौसराव : आण. बसतो आता.

शांतवन : आबा, खंडूला तुम्ही काय सांगितलंत? हे सगळं खोटं आहे म्हणून?

हौसराव : हितंच माझी मान खाली जाती. त्याची बायको टेम्पोतच बसून हुती, तोंडाला पदर लावून. अंजना का कोण. खंडू म्हणला, एकवीस दिस झालं, आबा, हात कापत्यात, झोप न्हाई. तुमी पयला महिना कसा काढला? असा बघत हुता माझ्याकडं... काय सांगू आता!

शांतवन : मग?

हौसराव : मग काय, म्हणलं, गूळ खात जा. तलफ आली की भिंतीकडं तोंड करून शंभर आकडे मोज. माझ्या पाळीतला ज्ञानदेव तसं करायचा. त्याचं मी माझ्या नावावर सांगितलं. सत्तरी गाठली, आजवर खोटं बोलाय लागलं न्हाई, आन् तुझ्यापायी बोललो.

शांतवन : तुम्ही त्याला सावरायला बोललात.

हौसराव : आन् तू?

शांतवन : मी... लोकांनी रडावं म्हणून.

सुरेखा : उद्या तो खंडू साक्ष द्यायला उभा राहणार हाय. मामांचं नाव घेऊन. अंजनानं सकाळीच सांगितलं मला.

शांतवन : तेच म्हणतोय मी. आता खरं सांगितलं तर तो कोसळेल. पुन्हा पिईल. तीनच आठवडे झालेत, आबा! त्याच्यासाठी तरी थोडे दिवस थांबू या...

सुरेखा : त्याच्यासाठी का तुमच्यासाठी?

शांतवन : ...दोघांसाठी.

हौसराव : आल्यापासनं हे पयलं खरं बोललास. आता ऐक. दारू खंडूनं सोडली. हात त्याचे कापत्यात, तुझ्या गोष्टीचे न्हाईत. उद्या त्याला माझ्या नसल्याल्या दारूची साक्ष द्यायला लावशील, आन् महिन्यानं वरवंडचा कुणी त्याला म्हणंल, अरं, हौसराव कवाच पीत नव्हता, तर? तवा तो तुला बी सोडंल आन् देवाला बी.

शांतवन : मंडळी मला ठेवणार नाही.

हौसराव : नसंल ठेवत. ते उद्या बघू. आज खंडूकडं जायचं. मंडळीच्या आधी त्याला कळलं पायजे, आन् तुझ्या तोंडून. मी संगं येतो, मला बी माझं सांगायचंय त्याला. आन् त्यातनं प्यायलाच, तर त्याच्या दारात बसू दोघं, उतरंपतुर.

शांतवन : काय बोलू त्याला? शब्दच सुचत नाहीत.

सुरेखा : कॅफे उघडा असंल अजून.

शांतवन : सुरेखा!

सुरेखा : बोलली मी. राग आलाय मला, चार दिवस जाणार न्हाई. भाकरी मिळंल, बोलणं मिळणार न्हाई.

हौसराव : उठ, शांतवन. उभा ऱ्हा. मी खंडू हाय असं समज. बोल.

शांतवन : इथं? आत्ता?

हौसराव : सोळा माणसांपुढं म्हाताऱ्याला दारू पाजलीस, एकापुढं उतरवता येत न्हाई व्हय?

शांतवन : खंडू... मी तुला जे सांगितलं ते खरं नाही. माझे वडील, हौसराव साळवे... त्यांनी आयुष्यात कधी...

हौसराव : बोल की.

शांतवन : कधी दारूला... आणि माझ्या आईला त्यांनी कधी... आबा...

हौसराव : असा थांबू नको, लेकरा. तू असा अडखळलास तर खंडूला वाटंल, म्हातारा खरंच पीत हुता.