कुंपणाकडची बाजू

वडील गेल्यावर त्यांची उरलेली औषधं परत करायला मी दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानापुढे रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक भाऊ-बहीण होते, दोघंही पन्नाशीचे. डॉक्टरांनी त्यांच्या आईला घरी न्यायला सांगितलं होतं. आता इथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"खोलीत एसी बसवून घेतलाय मी."

"दादा, तिला परसात झोपायचंय. सकाळपासून तेच म्हणतेय."

"वेडी का तू? डास फोडून काढतील तिला."

"मच्छरदाणी लावू."

"आणि लोक म्हणतील, म्हातारीला मरायला बाहेर काढली."

"आपल्या परसात कोण डोकावतंय?"

"रात्री काही झालं म्हणजे?"

"आत झोपवली तर व्हायचं राहणार आहे का?"

भावाने हातातली औषधांची चिठ्ठी उलगडली आणि परत घडी घातली.

"लहानपणी उन्हाळाभर झोपायचोच ना तिथे. आपण दोघं भिंतीकडे, ती कुंपणाकडे."

"तिला वारा लागायचा तिथे."

"कसला वारा, दादा! साप-किरडू आलंच तर आधी तिच्याकडे यावं म्हणून. उशाखाली काठी असायची तिच्या."

"मला कधी बोलली नाही."

"तुला सांगितलं असतं तर रोज अंथरूण धुवावं लागलं असतं."

"चिमे, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. नेऊ या ना रे तिला परसात."

"बरं. पण तिला भिंतीकडे घालायचं. कुंपणाकडे मी."

"तू घोरतोस. तिला झोप लागायची नाही."

"मी झोपणारच नाहीये."