वैजयंताचे उपास

मंडळी, आज देवाला साक्षीला बसवून एक प्रश्न विचारतो. घरातली बाई चिडते, रडते, भांडी आपटते. तेव्हा तिच्या अंगात काय आलंय हे शोधायचं, की तिच्या पोटात काय गेलंय हे विचारायचं?

का हो, पुढचे दादा एकदम टाळ पुसायला लागले? ऐका तर.

एका गावात (नाव सांगत नाही, तिथले पाव्हणे इथंच बसलेत) भानुदास नावाचा दूधवाला. बायको वैजयंता, आई ठकूबाई. सून आली तेव्हा हसरी, गाणारी. सासूनं सोमवार धरायला लावला, नवऱ्यासाठी. दिराला नोकरी लागावी म्हणून गुरुवार. घराला साडेसाती म्हणून शनिवार. वर चतुर्थी, एकादशी. दिराला नोकरी लागली, साडेसाती सरली. उपास सरले? छे! उद्यापन कुणाच्या ध्यानातच नाही. नवस अख्ख्या घराचा, पोट एकटीचं. उपासाच्या दिवशी चहा आणि मूठभर साबुदाणा. उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. तेव्हा पातेल्यात काय असतं? खरवड.

आणि तो गुरुवार त्या घराला कुणी सांगितला? मी. असाच कीर्तनाच्या गादीवर उभा राहून. धरा म्हणालो, सोडा म्हणायला विसरलो. लाज वाटते, म्हणून सांगतो.

सहा वर्षांत बाई पार बदलली. झोप नाही. लेकीवर खेकसायची, मग तिलाच पोटाशी धरून रडायची. एक दिवस सासूवर लाटणं उगारलं. झालं!

ठकूबाई म्हणाली, "हिला बाहेरचं लागलंय. अमावस्येला देवऋष्याकडे न्यायची. नाही उतरलं तर माहेरी धाडायची. पोरगी इथंच राहील."

चार वर्षांची पोर, मंडळी. आईपासून तोडायची!

तेवढ्यात ठकूबाईची थोरली बहीण आली, चंद्राबाई. जन्मभर सुईणपण केलेली बाई. तिनं लिंबू मागितलं नाही, अंगारा काढला नाही. वैजयंताची पापणी खाली ओढून बघितली. आत पांढरंफटक.

"काल काय खाल्लंस गं?"

"गुरुवार होता, मावशी."

"परवा?"

"एकादशी."

"आणि मंगळवारी?"

"पाव्हणे आले होते. पुरलं नाही."

चंद्राबाई बहिणीकडे वळली. "ठके, भूत तुझ्या चुलीपाशी बसलंय."

"अगं, उपास मोडला तर देव कोपेल."

"मोडू नको. भानुदासला दे. त्याच्या घरासाठीच आहेत ना? सगळे त्यानं धरायचे, आणि जेवायचं शेवटी. देवऋष्याचं येत्या अमावस्येला नको, पुढच्या अमावस्येला बघू. हिला उद्या मी दवाखान्यात नेते."

भानुदास हसला. "त्यात काय एवढं?" म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात म्हशीशी भांडला. गिऱ्हाइकाच्या दारात माप आपटलं. आणि बाराव्या दिवशी, मंडळी, सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून उंबऱ्यावर बसून रडला. एवढा धिप्पाड गडी!

चंद्राबाई म्हणाली, "ठके, देवऋषी बोलवायचा तर दोघांसाठी बोलव. एकाच फेरीत होईल."

ठकूबाई उठली, ताट वाढलं. लेकाला नाही, सुनेला. शेजारी बसली. "खा बाई. मला माझ्या सासूनं असंच ठेवलं होतं. मला वाटलं, असंच असतं."

दवाखान्यात रक्त कमी निघालं होतं. गोळ्या दिल्या, सुया दिल्या. डाळ, अंडं, पालेभाजी, दूध घ्यायला सांगितलं. दूधवाल्याची बायको, अन् सहा वर्षांत पेलाभर दूध तिच्या ओठाला नाही! आता मनाची सगळीच दुखणी ताटानं जात नाहीत. काहींना डॉक्टरच लागतो, तिथं लाजू नका. पण हिचं पुष्कळ गेलं. देवऋषी राहूनच गेला, माहेरी धाडणंही राहिलं. उपासांचं उद्यापन झालं. दोन महिन्यांनी लेक शेजारणीला सांगत होती, "माझी आई आता झोपते. मला कुशीत घेऊन."

ऐकून मी सुटलो, मंडळी. देवाच्या पायाशी बसून रडलो.

पण तुम्ही सुटला नाहीत. तुमच्या घरी काल सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? त्या पातेल्यात काय होतं? माहीत नाही ना? मग कसली भक्ती सांगता मला?

आता आरती होईल, मग पंगत. पहिली पंगत बायकांची. आचारीणबाईंनीसुद्धा पानावर बसायचं. पुरुषांनी वाढायचं. भात दादांकडे, वरण माझ्याकडे. आणि वाढणाऱ्यांनो, पळी तळापर्यंत घाला. डाळ खाली असते.