बिब्बा उतला

रामदासपेठेतल्या त्वचेच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेचा हात कोपरापर्यंत फोडांनी भरला होता. समोरच्या म्हातारीनं विचारलं,

"काय झालं वं पोरीले?"

सासूच बोलली. "बिब्बा उतला. फोडता फोडता तेल उडालं."

"मले उतला होता, तर खाजवून खाजवून झोप नव्हती. तुले खाजते का वं, पोरी?"

"तिले काय विचारता? मी सांगून राहिली ना."

"हात तिचा आहे."

"खाजत नाही, मावशी. आग होते नुसती."

"सोनिका!"

"मग काय सांडलं वं?"

"सांडलं नाही. नवऱ्यानं उकळता चहा ओतला."

आतून सोनिकाचं नाव पुकारलं. सासू आधी उठली.

"तुम्ही बसा, आत्याबाई," सोनिका म्हणाली. "मावशी, तुम्ही चला माह्यासंगं."